तुम्ही विचारलंत म्हणून: न्यूयॉर्कला दुमजली विमान का नाही?

"अहो, दुबईच्या तीन तासांसाठी दुमजली विमान आणि न्यूयॉर्कच्या सोळा तासांसाठी आपलं साधं? उलटंच झालं की हे!"

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत निम्म्या घरांतली मुलं न्यू जर्सीला, त्यामुळे हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी ऐकावा लागतो. मी सहारला, म्हणजे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर, लोड कंट्रोलमध्ये सत्तावीस वर्षं काढली. विमानाच्या नोकरीतला माणूस म्हणजे एकतर पायलट नाहीतर बॅगा उचलणारा, असा लोकांचा समज असतो. मी मधला. विमानात कुठे किती वजन जाईल, याची बेरीज-वजाबाकी करणारा.

प्रश्न मात्र रास्त आहे. ते दुमजली विमान म्हणजे एअरबस ए-३८०. दुबईहून मुंबईला ते २०१४ पासून येतंय, अंतर जेमतेम १,९०० किलोमीटर. मुंबई ते न्यूयॉर्क साडेबारा हजार. ए-३८०ची झेप, म्हणजे न थांबता जाण्याचं अंतर, चौदा हजारांच्या पुढे, म्हणजे पोचायला ते अगदी सहज पोचेल. तरी कुणी लावत नाही.

ही जी 'झेप' सांगतात ना, ती स्कूटरच्या अ‍ॅव्हरेजसारखी असते. शोरूमवाला साठ सांगतो; आपण मागे बायको, पुढे सिलिंडर घेऊन घाट चढतो, तेव्हा पस्तीस मिळालं तरी देव पावला. विमान बनवणाऱ्यांचा आकडा ठरावीक प्रवाशांचा, शांत हवेचा. कंपनी विमान निवडताना विचारते ते वेगळंच: वर्षातल्या सगळ्यात वाईट दिवशी, समोरून वारा मारत असताना, हे विमान किती माणसं आणि किती माल घेऊन जाईल? आणि त्या माणसांकडून भाडं किती सुटेल?

वजनाचं गणित एकदा बघाच. तीनशे माणसं बॅगांसकट धरली तर तीसेक टन. त्यांना न्यूयॉर्कला न्यायला बोइंग ७७७ला इंधन लागतं शंभर टनांच्या वर. आणि इंधन न्यायलाही इंधन लागतं. जादा भरलेल्या इंधनातलं दर तासाला तीन-चार टक्के नुसतं त्याचं स्वतःचं ओझं वाहण्यात जळतं. म्हणजे सोळा तासांच्या प्रवासात दहा टन जादा भरलं, तर शेवटी हातात सहाच्या आसपास उरतं. मार्ग जितका लांब, तितका हा तोटा वाढत जातो. एका हद्दीनंतर तुम्ही प्रवासी विमान चालवतच नसता. पाण्याच्या टँकरच्या टपावर चार माणसं बसवून निघालेले असता.

एक रात्र सांगतो. दिवाळीच्या आधीचा आठवडा. साडेअकराला फ्लाइट प्लॅन हातात आला. समोरचा वारा कालच्यापेक्षा जोरात, पाऊण तास जास्त लागणार. म्हणजे पाच-सहा टन इंधन जास्त. उड्डाणाचं कमाल वजन ठरलेलं, तिथे घासाघीस नाही. प्रवासी सगळे आत आलेले. मग उतरणार कोण? पोटातला माल. मी रॅम्पवर, म्हणजे विमान उभं असतं तिथल्या माणसांना, वॉकीटॉकीने सांगितलं, मागच्या होल्डमधली मालाची दोन पॅलेट उतरवा. तिकडून जे ऐकू आलं ते इथे लिहिता येणार नाही. खाली गेलो तर हाय-लोडरवर जाळीत बांधलेलं पॅलेट हळूहळू खाली येत होतं. वर कुरिअरचे खोके, त्यांवर स्केचपेनने लिहिलेलं: 'फराळ. दाबू नये.' कुणाच्या तरी आईने चार दिवस खपून केलेल्या चकल्या त्या रात्री न्यू जर्सीतल्या एडिसनऐवजी सहारच्या शेडमध्ये राहिल्या. आमच्या कंपनीने त्या तिसऱ्या दिवशी पाठवल्या, आणि दिलगिरीचं पत्र कुणाला गेल्याचं मला आठवत नाही.

प्रवाशाला वाटतं तिकिटावर विमान चालतं. पोटातला माल धरला नाही तर कितीतरी लांबचे मार्ग तोट्यात दिसतील. म्हणून विमान घेताना आसनं मोजतात तशीच खालची जागाही मोजतात. ए-३८० इथेच मार खातं. दोन मजले माणसांचे, त्यामुळे खाली बॅगाच इतक्या की मालाला फारसं काही उरत नाही.

आता दुबईचं कोडं. तिथे जाणाऱ्या विमानातली सगळी माणसं दुबईला जात नसतात. कुणी मँचेस्टरला, कुणी शिकागोला, कुणी आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांसारखे न्यू जर्सीला. दुबई हा एसटी स्टँड आहे. वीस गावांची माणसं एकत्र करून तिथून पुढची विमानं भरतात, म्हणून पाचशे आसनं रोज भरणं दुबईच्या एमिरेट्स कंपनीला जमतं. शिवाय मुंबईत धावपट्ट्या दोन असल्या तरी एकमेकींना छेदणाऱ्या, एका वेळी एकच वापरायची. तासाला पन्नासच्याही आत विमानं. जादा फेरी मिळत नाही, मग आहे त्याच फेरीत मोठं विमान आणा. ए-३८० विकली गेली एकूण २५१, त्यांतली १२३ एकट्या एमिरेट्सने घेतली. बाकी जगाला ती परवडली नाहीत आणि २०२१ मध्ये उत्पादन बंद झालं.

मुंबई-न्यूयॉर्क सरळ विमानात बसणारा माणूस फक्त मुंबईचा, फार तर पुण्या-सुरतेचा. तो सुट्टीत आणि लग्नसराईत झुंबड करतो, फेब्रुवारीत फिरकत नाही. पाचशेचं विमान लावलं तर फेब्रुवारीत चार इंजिनं जाळत रिकाम्या खुर्च्या न्यायच्या. त्यापेक्षा दोन इंजिनांचं, अडीचशे-तीनशेचं विमान बरं. पूर्वी दोन इंजिनांवर महासागर ओलांडायची मुभा फारशी नव्हती. १९८५ मध्ये जवळच्या विमानतळापासून दोन तासांपर्यंत दूर जायला परवानगी मिळाली, पुढे ती वाढत गेली आणि चार इंजिनांची गरज संपली.

आणखी एक खर्च कुणाच्या लक्षात येत नाही. न्यूयॉर्कला जाताना सोळा तास, येताना चौदा, मध्ये दोन्हीकडे साफसफाई-इंधन. तीस तासांच्या वर गेले. म्हणजे रोज एक फेरी चालवायची तर किमान दोन विमानं त्याच एका मार्गाला जुंपलेली.

मार्गाला अगदी बेतून शिवलेलं विमान घ्यावं, तर तेही अंगाशी येतं. एअर इंडियाने बोइंगचं ७७७-२०० एलआर घेतलं आणि २००७ मध्ये मुंबई-न्यूयॉर्क सरळ सुरू केलं. झेप अफाट, पण आसनं २३८. अशा आठ विमानांतली पाच पुढे अबू धाबीच्या एतिहाद कंपनीला विकावी लागली. बोइंगने हे मॉडेल जगभरात साठच्या आसपासच विकलं. त्याचंच लांब भावंड ७७७-३०० ईआर आठशेच्या वर गेलं. ते जरा कमी लांब जातं, पण माणसं आणि माल भरपूर नेतं. सिंगापूर एअरलाइन्सचा अनुभव याहून बोलका. सिंगापूर ते न्यूयॉर्कशेजारचं नेवार्क हे त्यांनी २००४ मध्ये चार इंजिनांच्या ए-३४०-५०० वर सुरू केलं, नंतर नुसती शंभर बिझनेस आसनं ठेवून पाहिलं, शेवटी २०१३ मध्ये बंद केलं. २०१८ मध्ये दोन इंजिनांच्या ए-३५० वर पुन्हा सुरू केलं, आसनं १६१, इकॉनॉमी एकही नाही. आमच्या-तुमच्यासारख्यांना त्या विमानात जागाच नाही, कारण आमच्या भाड्यात आमच्या वाटणीचं इंधनसुद्धा सुटत नाही.

नकाशावरचं अंतर पाहून तर काहीच ठरवू नका. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं. २०१६ मध्ये ते पॅसिफिकवरून न्यायला लागले. अंतर चौदाशे किलोमीटर वाढलं, पण वारा पाठीशी आल्यामुळे विमान लवकर पोचू लागलं. आणि उलटही होतं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानचं आकाश आपल्या विमानांना बंद झालं आणि दिल्लीहून अमेरिकेला सरळ जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नाला उतरावं लागलं. विमान तेच, टाकी तीच, वाट तेवढी वाकडी झाली. त्या सप्टेंबरपासून दिल्ली-वॉशिंग्टन बंदच केलं, त्यामागे हेही एक कारण होतं.

हे सगळं मी परवा दुसऱ्या मजल्यावर सांगितलं. कुलकर्णी वहिनींनी चहा पुढे केला आणि म्हणाल्या, "म्हणजे फराळ ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच पाठवायचा, एवढंच ना?"

हो वहिनी. आणि चकल्या बोटीने नको.