थंड इंजिन दाखवा, मग बोलू: जास्त रनिंगची डिझेल गाडी घेतानाचा माझा अनुभव

जुनी डिझेल गाडी बघायला ठाण्यात घोडबंदरला जा नाहीतर नवी मुंबईत नेरूळला, इंजिन गरमच सापडतं. "तुमच्यासाठी एसी लावून ठेवला होता", "आत्ताच धुवून आणली", "मागची गाडी काढायची होती म्हणून हलवली". कारणं वेगळी, बोनेट तापलेलंच. कर्ज, घासाघीस, विमा, कशाचाच त्रास झाला नाही. थंड इंजिन मात्र मिळता मिळेना, आणि अजूनही त्याचा राग येतो.

कारण दीड लाख किलोमीटरच्या पुढे गेलेल्या डिझेलचं खरं रूप पहिल्या सेल्फलाच, म्हणजे चावी फिरवून इंजिन सुरू करतानाच, दिसतं. इंजिन तापलं की अर्धी दुखणी झाकली जातात. म्हणून गाडी डीलरच्या दुकानात नाही, रात्रभर उभी असते तिथे, सकाळी बघायची. फोनवर आधीच ठणकावून सांगायचं की मी येईपर्यंत चावी फिरवायची नाही, आणि ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचायचं. तरी विश्वास ठेवू नका. ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आकडे वाचणारं यंत्र, स्वस्तात मिळतो. तो लावून फक्त इग्निशन ऑन करा आणि कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान वाचा. रात्रभर उभ्या गाडीत ते बाहेरच्या हवेच्या आसपासच असतं. बाहेर २८ अंश आणि स्कॅनरवर ५५ म्हणजे गाडी सकाळी फिरून आलेली आहे. तिथेच नमस्कार करून निघा.

आता सेल्फ. दोन-तीन सेकंदांत इंजिनाने पकडलं पाहिजे. कॉमन रेल डिझेलमध्ये सगळ्या इंजेक्टरना एकाच पाइपातून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळतं; त्यात ठरावीक प्रेशर तयार झाल्याशिवाय ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, इंजेक्टर उघडतच नाही. सेल्फ लांबत असेल तर प्रेशर कुठेतरी गळतंय: झिजलेला इंजेक्टर, थकलेला हाय प्रेशर पंप, किंवा डिझेल लाइनीत हवा. ही परीक्षा थंड आणि गरम, दोन्ही वेळा घ्या. गरम डिझेल पातळ होतं, त्यामुळे इंजेक्टरची गळती कधीकधी इंजिन तापल्यावरच सेल्फला जाणवते.

पहिले काही सेकंद बोनेट उघडं ठेवून कान द्या. स्विफ्ट, डिझायर, अर्टिगामधल्या १.३ मल्टिजेटला टायमिंग चेन आहे. ती किंवा तिला ताणून धरणारा टेन्शनर सैल झाला की सुरू होताना खडखडतो आणि ऑइल प्रेशर आलं की आवाज दबतो, म्हणजे गरम इंजिनात तुम्हाला काहीच कळणार नाही. डस्टरच्या १.५ डीसीआयला आणि पोलो-व्हेंटोच्या १.५ टीडीआयला चेनऐवजी टायमिंग बेल्ट आहे. बेल्ट आधी आवाज करून इशारा देईलच असं नाही. तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. तिथे कान नाही, बेल्ट बदलल्याचं बिल मागा. बिल नसेल तर तो खर्च किमतीतून वजा.

धूरही याच वेळी बघायचा. थंडीत सुरू होताना क्षणभर पांढरा धूर आणि इंजिन थोडं थरथरणं म्हणजे ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू होताना आतली हवा तापवणारे) गेलेले असू शकतात. आपल्या हवेत ग्लो प्लग मेले तरी गाडी सुरू होते, त्यामुळे कित्येक मालकांना ते गेल्याचं ठाऊकच नसतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय: रिंग, व्हॉल्व्ह सील नाहीतर टर्बो. जोर दिल्यावर काळा ढग सुटला तर ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), इंजेक्टर किंवा टर्बोचा फाटका होज. पीयूसी पास आहे म्हणून गप्प बसू नका. ती चाचणी तापलेल्या इंजिनावरच होते.

इंजिन तापल्यावर बॅक कॉम्प्रेशन बघा, म्हणजे झिजलेल्या रिंगमधून खाली निसटणारा दाब. ऑइल फिलरचं झाकण सैल करून तिथेच नुसतं टेकवून ठेवा. किंचित वाफ या वयात चालते, पण झाकण नाचायला लागलं तर रिंग गेलेल्या असू शकतात. डिपस्टिकवर ऑइल मॅक्सच्या खुणेच्या वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर तो ताजा भरलेला ऑइल नव्हे, त्यात डिझेल मिसळतंय.

वाशी-तुर्भे किंवा वागळे इस्टेटमधला कुठलाही डिझेलचा मेकॅनिक रिटर्न टेस्ट, म्हणजे इंजेक्टरमधून किती डिझेल परत येतं याची तपासणी, करून देईल. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला एकेक नळी-बाटली लावून इंजिन पाच मिनिटं आयडलवर ठेवतात. चार बाटल्यांत डिझेल जवळपास सारखं हवं. एखादी दुपटीने भरली तर तो इंजेक्टर गेला. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर आणि चिक्-चिक् आवाज असेल तर तांब्याचा वॉशर गळतोय. वॉशर थोड्या रुपयांचा, पण थर जुना झाला की इंजेक्टर हेडमध्ये असा बसतो की काढताना घाम फुटतो.

क्लचसाठी बेलापूरची पारसिक हिल उत्तम. चढावर चौथ्या गिअरला, चाळीसच्या वेगाने, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढला आणि वेग तिथेच राहिला तर प्लेट संपली. इंजिन बंद करताना धडधड ऐकू आली तर ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाचे धक्के शोषणारं, क्लचला जोडलेलं दोन भागांचं जड चाक) तपासा. तो असेल त्या गाडीत हे बिल क्लचपेक्षा मोठं.

हे आधीच सांगायला हवं होतं: मीटरवरचा आकडा पन्नास-साठ हजार आणि ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत, तर मीटर मागे फिरवलंय. सर्व्हिस रेकॉर्ड मागवा. दिल्लीत दहा वर्षांच्या डिझेलवर बंधनं असल्याने तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येतात. त्यांची आधीची नोंदणी आणि एनओसी नीट वाचा. कर्ज फेडलेलं असलं तरी आरसीवरून बँकेचं नाव काढलंय का बघा. नसेल तर मालकी बदलायच्या फॉर्म २९-३० बरोबर बँकेचं नाव काढायचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्रही हवं. पावसाळ्यानंतर घेत असाल तर गाडी पुरात बुडालेली नाही ना हे कळायला सीटबेल्ट पूर्ण ओढून टोकाशी गाळाची रेघ आहे का पाहा.

आणि टोकन देताना पावतीवर लिहून घ्या: थंड इंजिनाची तपासणी आणि रिटर्न टेस्ट झाल्यावरच व्यवहार, नापसंत असल्यास टोकन पूर्ण परत. यावर कां-कू करणाऱ्या डीलरकडे दुसरी गाडीसुद्धा बघू नका.