पाडवा कधी मार्चात, कधी एप्रिलात

डेअरीवाल्या मित्राला श्रीखंडाच्या मागणीचा अंदाज हवा होता, म्हणून त्याचा बिलिंगचा डेटा आर (R) ह्या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला. ते फुकट आहे आणि त्यातलं संख्याशास्त्रज्ञ रॉब हाइंडमन यांचं फोरकास्ट पॅकेज असल्या कामाला एकदम भारी. पण त्यातलं नुसतं ऑटो एरिमा (मागच्या आकड्यांवरून पुढचा अंदाज देणारं मॉडेल आपोआप निवडणारं फंक्शन) चालवलं की ते बिचारं इंग्रजी महिन्यांवर सीझन धरतं, आणि आपला पाडवा २०२३ ला २२ मार्चला तर २०२४ ला ९ एप्रिलला, मग त्याला कळणार कसं? म्हणून ज्या महिन्यात पाडवा तिथं १, बाकी सगळीकडे ० असा वेगळा कॉलम करून एक्सरेगमध्ये (बाहेरची माहिती मॉडेलला द्यायची जागा) द्यायचा, पुढच्या वर्षाचासुद्धा, तारखा काय पंचांगात असतातच.

दुसरी भानगड म्हणजे बिलात दिसते ती विक्री, मागणी नव्हे. सणाला दुपारी बारालाच माल संपला तर हात हलवत परत गेलेली गिऱ्हाईकं कुठंच नोंदली जात नाहीत, आणि मॉडेल पुढच्या वेळी पण कमीच सांगतं! माल संपल्याची वेळ तरी लिहून ठेवा राव.

आणि शेवटच्या वर्षाचा डेटा बाजूला काढून, आधीच्या वर्षांवरून त्याचा अंदाज किती जुळतो ते तपासायचंच. 'गेल्या वर्षी याच महिन्यात खपलं तेवढंच' ह्या साध्या हिशेबालाही मॉडेल हरवत नसेल तर सरळ मित्राच्या वडलांना विचारावं, त्यांचा आकडा फारसा चुकत नाही.