तुम्ही विचारलंत म्हणून : पान पिवळं पडलंय, कोणतं खत घालू?

लिंबू, मोगरा, अनंत, जास्वंद. फोटो कुठल्याही रोपाचा असो, खाली ओळ ठरलेली : ‘पानं पिवळी पडतायत, कोणतं खत घालू?’ त्यावर मी उलट विचारते, कोणतं पान? खालचं जुनं, की शेंड्याचं कोवळं? हे विचारलं की काही जण वैतागतात. त्यांना खताचं नाव हवं असतं आणि मी त्यांना पुन्हा बाल्कनीत पाठवते. पण निम्मं निदान या एका प्रश्नातच होतं.

नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश), मॅग्नेशियम ही अन्नद्रव्यं रोपाला आतल्या आत हलवता येतात. तुटवडा झाला की रोप म्हाताऱ्या पानांतून ती काढून घेतं आणि कोवळ्या फुटीला देतं, म्हणून खूण आधी खाली दिसते. लोह, कॅल्शियम, बोरॉन एकदा पानात बसले की सहसा हलत नाहीत. मुळांकडून नवा पुरवठा थांबला की पहिला फटका शेंड्याला बसतो. खालची पानं हिरवीगार आणि वरची फुटतानाच पिवळी, असं दिसलं तर नत्राची गोणी बाजूला ठेवा.

मग पानाची शीर बघा. अख्खं पान शिरांसकट फिकट झालंय आणि तेही तळाशी, तर बहुधा नत्र. शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा झालाय, जाळीसारखा, आणि तो शेंड्याला, तर लोह. तशीच जाळी खालच्या पानांत असेल तर मॅग्नेशियम. लिंबाच्या पानात तेव्हा देठाकडे हिरवा त्रिकोण शिल्लक राहतो, तो एकदा पाहिलात की विसरणार नाही. लिंबाची नवी पानं बारीक, टोकदार आणि मधे मधे पिवळी येत असतील तर जस्ताचा संशय घ्यावा. जुन्या पानांच्या कडा करपल्या तर पुस्तकं पालाश म्हणतात, पण कुंडीत हे बऱ्याचदा क्षार साचल्याचं लक्षण असतं आणि तिथे आणखी पोटॅश घालणं म्हणजे आगीत तेल. डिसेंबरात टोमॅटोच्या रोपांची पानं खालून जांभळी झाली की लोक स्फुरदासाठी धावतात. थंडीत मुळं स्फुरद नीट उचलत नाहीत, एवढाच बहुतेकदा त्याचा अर्थ. ऊन वाढलं की रोपं आपली आपण सरळ होतात.

आता मुख्य गोष्ट. माझ्याकडे येणाऱ्या फोटोंत सगळ्यात जास्त असतो तो शेंड्याचा पिवळेपणा, आणि त्यातल्या बहुतेक कुंड्यांत लोह भरपूर असतं. आपली लाल माती लाल असते तीच लोहामुळे. ते लोह रोपाला मिळत नाही, कारण मातीचा सामू, म्हणजे पीएच, वर गेलेला असतो. सामू 7 म्हणजे उदासीन, खाली आम्ल, वर विम्ल, म्हणजे अल्कधर्मी. ही मोजपट्टी लॉगरिदमची आहे. सामू एका अंकाने चढला की विरघळलेलं फेरिक लोह जवळजवळ हजारपट घटतं. लिंबू, मोगरा, अनंत यांना साधारण 5.5 ते 6.5 मानवतं. कोकणातल्या जांभ्याच्या मातीत त्यांना ते फुकट मिळतं. देशावर काळी माती 7.5 ते 8.5, आणि बोअरचं पाणी चुनखडीचं. जमिनीत लावलेल्या झाडाला मुळं लांब पाठवून वाट काढता येते. दहा इंची कुंडीतलं रोप जाणार कुठे? रोज त्याच पाण्यातले बायकार्बोनेट नावाचे क्षार त्याच मूठभर मातीत साठत जातात आणि सामू हळूहळू चढतो. म्हणून ‘नर्सरीतून आणलं तेव्हा छान होतं, चार-सहा महिन्यांत बिघडलं’ ही तक्रार ऐकली की मी आधी पाणी कुठलं ते विचारते.

पुण्यात, सोसायटीत राहणाऱ्या एका काकूंचं कलमी लिंबू मी असंच जाऊन पाहिलं. शेंड्याची पानं पिवळीधमक, सगळ्यात कोवळी तर पांढुरकी, शिरा मात्र हिरव्या दोऱ्यासारख्या. कुंडीच्या काठावर पांढरा थर. काकूंनी मनापासून सगळं केलं होतं : अंड्याच्या टरफलांची पूड, महिन्याला चिमूटभर खायचा चुना, चुलीची राख, वर डीएपी या स्फुरदाच्या खताचे दाणे. टरफलं आणि चुना दोन्ही कॅल्शियमवाले, दोन्ही सामू वर नेणारे. राखही तशीच. डीएपीतलं जादा स्फुरद उरलंसुरलं लोह आणखी अडवतं. पाणी टँकरचं. वर पिण्याच्या फिल्टरचं वाया जाणारं पाणी ‘फुकट का घालवायचं’ म्हणून त्याच कुंडीत! आरओच्या त्या नळीतून बाहेर येतं ते मूळ पाण्यापेक्षाही क्षारांनी भरलेलं असतं. फरशी पुसा, संडासात ओता, पण लिंबाला नको.

काठावरचा थर नखाने खरवडून बशीत घेतला आणि त्यावर व्हिनेगरचे थेंब टाकले. बुडबुडे आले, म्हणजे चुनखडीच. मग कुंडीला नेहमीसारखं पाणी दिलं, तासभर थांबलो, वरून पेलाभर डिस्टिल्ड वॉटर सावकाश ओतलं आणि खालच्या भोकातून आलेले पहिले थेंब वाटीत धरले. पीएचची कागदी पट्टी त्यात बुडवली तर रंग 8 च्या घरात. डिस्टिल्ड वॉटर बॅटरीवाल्याकडे मिळतं, पट्ट्या ऑनलाइन. बाजारात दोन सुया खुपसायचं एक बिनबॅटरीचं मीटर मिळतं, ओल-ऊन-पीएच सगळं एकातच दाखवणारं. त्यावर मी तरी विसंबत नाही. कोरड्या मातीत त्याचा काटा 7 वरून हलायला तयार नसतो.

उपाय दोन टप्प्यांत करावा लागतो. रोपाला तातडीने लोह द्यायचं आणि सावकाश सामू उतरवायचा. लोह म्हणजे हिराकस, फेरस सल्फेट. लिटरला पाच ग्रॅम, सोबत ग्रॅमभर लिंबूसत, संध्याकाळी पानांवर फवारा. एझेब ग्री नावाच्या फ्रेंच माणसाने 1840 च्या दशकातच दाखवून दिलं होतं की पिवळ्या पानांना लोहाचे क्षार दिले की ती हिरवी होतात. आपण अजून तेच करतोय. आधी दोन-तीन पानांवर करून बघा, कोवळी पानं भाजतात कधी कधी. आणि फरशीवर सांडू देऊ नका, डाग निघत नाही. हेच हिराकस चुनखडीच्या मातीत ओतलं तर बघता बघता निकामी होतं. मातीत द्यायचं तर चिलेट घ्या, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून सेंद्रिय रेणूत धरून ठेवलेलं लोह, आणि पाकिटावर त्या रेणूचं नाव वाचूनच घ्या. ईडीटीए साधारण 6.5 सामूपर्यंत टिकतं, डीटीपीए 7.5 पर्यंत. चुनखडीच्या मातीत ईडीडीएचए लागतं. महाग असतं, पाण्यात लालभडक होतं, पण काम करतं. गंजके खिळे मातीत पुरायचा सल्ला मात्र सोडून द्या. गंज हेच तर न विरघळणारं लोह.

सामू उतरवायला पाणीच बदलावं लागतं. पावसाचं पाणी उत्तम, एसीच्या नळीचंही चालतं. तेवढं नसेल तर बादलीत थोडं थोडं लिंबूसत विरघळवून पट्टीवर 6 ते 6.5 आलं की थांबा. गंधकाची पूडही चालते, पण मातीतल्या जिवाणूंनी तिचं आम्ल करेपर्यंत आठवडे जातात. काकूंनी चुना, राख, टरफलं, डीएपी सगळं बंद केलं, एसीचं पाणी साठवायला लागल्या, चिलेट एकदा दिलं. पुढची फूट पोपटी आली आणि पोपटीची हिरवी झाली. जुनी पांढुरकी पानं तशीच राहिली. त्यांच्याकडे बघून औषधाचा गुण ठरवायचा नसतो.

हे सगळं करण्याआधी बोट मातीत दोन पेरं खुपसा, ही विनंती आहे. सतत ओली माती, कुबट वास, तपकिरी मऊ मुळं असतील तर कुठलंच अन्नद्रव्य वर जाणार नाही आणि पानं लोहाची, नत्राची, सगळ्यांची सोंगं घेतील. नर्सरीतली बरीच रोपं आंध्रातल्या कडियमकडून येतात, मुळाशी चिकणमातीचा घट्ट गोळा घेऊन. तो गोळा तसाच भुसभुशीत मिश्रणात बसवला की बाहेरची माती वाळते, आतला गोळा चिखल राहतो, नाहीतर दगड होतो. लावताना तो पाण्यात भिजवून थोडा सैल करून घ्यावा. उलट कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, वापरणाऱ्यांनी ते आधी दोन-तीन पाण्यांत धुवावं. त्यात मीठ असतं, आणि कोकोपीट कॅल्शियम-मॅग्नेशियम स्वतःकडे ओढून घेतं. अशा रोपाला चमचाभर एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) लिटरभर पाण्यात विरघळवून दिलं तर ते खरंच उपयोगी पडतं. बाकी वेळी उगाच देऊ नका. आणि पान उलटं करून बघाच. बारीक ठिपके, जाळं दिसलं तर ते लाल कोळी आहेत, खताचा तिथे संबंध नाही.

राहता राहिला कढीपत्ता, ज्याचे फोटो जानेवारीत सगळ्यात जास्त येतात. थंडीत तो पिवळा पडतो आणि पानं गाळतो. त्याला तेव्हा ना खत लागतं, ना ताक. पाणी कमी करा, उन्हात सरकवा आणि मार्चमध्ये फूट आली की मग शेंडे खुडून थोडं शेणखत घाला.