वहीच्या समासातले प्रश्न

शाळेच्या गोड आठवणी बाकीचे लिहितीलच, माझ्याकडेही आहेत. पण अमृतमहोत्सवी स्मरणिकेत पान मिळतंय तर मला आठवीच्या मराठीच्या बाईंबद्दल लिहायचंय, आणि ते आमच्या घराबद्दल लिहिल्याशिवाय जमणार नाही.

आम्ही इंदूरला परदेशीपुऱ्यात राहायचो. बाबा मिलमध्ये फिटर. हात असा की अनंत चतुर्दशीच्या झांकीचं, म्हणजे मिरवणुकीतल्या देखाव्याचं, काम हमखास त्यांच्याकडे यायचं. इंदूरच्या झांक्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना काय सांगायचं! मिलमिलची चढाओढ, पुढे आखाडे, जेलरोडपासून राजवाड्यापर्यंत रात्रभर मुंगीला शिरायला जागा नाही. बाबांच्या झांकीतला कालिया फणा हलवायचा. आतली मोटर, पट्टा, पुली सगळं त्यांनी बसवलेलं. लोक टाळ्या वाजवायचे. त्याच हातांनी आई मार खायची. दादा आणि मीसुद्धा. पगाराच्या दिवशी जास्त.

बाईंनी निबंध दिला, ‘आमच्या गावचा गणेशोत्सव’. झांकीचं वर्णन संपलं तरी माझं पेन थांबेना. विसर्जनाच्या रात्री घरी काय झालं तेही उतरलं. वही दिली आणि पोटात गोळा आला.

वही परत आली ती पेन्सिलीच्या खुणांनी भरून. ‘राक्षसासारखे’, ‘निर्दयपणे’, ‘काळीज फाटले’ एवढं खोडलेलं. समासात प्रश्न: ताट स्टीलचं की पितळी? वरण कुठे सांडलं? दादा तेव्हा काय करत होता? आणि खाली, ‘पुन्हा लिही. मला दाखवायचं नसेल तर दाखवू नकोस.’

राग आला. एवढं सांगितलं आणि ह्यांना ताटाची पडलीय! तरी लिहिलं. ताट पितळी होतं, आजीच्या लग्नातलं. वरण स्टोव्हवर सांडलं आणि घरभर करपल्याचा वास सुटला. दादाने शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून रेडिओ मोठा केला होता. हे लिहिता लिहिता पुढचंही आठवलं: सकाळी बाबा ओटल्यावर बसून, कोणाशी न बोलता, त्या ताटाची चेपलेली कड हातोडीने ठोकून सरळ करत होते. पहिल्या निबंधातल्या राक्षसाला हे करता आलं नसतं. मी त्यांना माफ केलं असा अर्थ कोणी काढू नये. ते आजही केलेलं नाही. पण त्या पानानंतर मला त्यांची भीती कमी वाटू लागली, एवढं खरं.

पुढे मानसशास्त्र शिकताना पेनेबेकर ह्या अमेरिकन संशोधकाचं काम वाचलं. 1986 साली त्याने आणि सँड्रा बील हिने विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, रोज 15 मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात क्लेशदायक प्रसंगाबद्दल लिहायला लावलं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत कमी झाल्या. लिहून झाल्याझाल्या मात्र ती मुलं जास्त उदास होती, हे सांगायला लोक विसरतात. नंतरच्या अभ्यासांत असंही दिसलं, की नुसतं मन मोकळं करण्यापेक्षा ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक कार्यकारण जुळत गेलं त्यांना अधिक फायदा झाला. आमच्या बाईंनी यातलं काही वाचलं असेल असं वाटत नाही.

आता मी समुपदेशक आहे. आज अशी वही माझ्या हाती आली तर समासात प्रश्न लिहिण्याआधी मी 1098 ला, म्हणजे मुलांसाठीच्या मदतीच्या चाइल्डलाइनला, फोन लावीन. ती सुरूच झाली 1996 मध्ये, तीही मुंबईत. बाईंच्या हाती पेन्सिल तेवढी होती.

मिल यथावकाश बंद पडली, बाबाही गेले. 2023 च्या डिसेंबरात हुकुमचंद मिलच्या कामगारांना 32 वर्षांनी थकबाकी मिळाल्याची बातमी आली. बाबांची मिल दुसरी, तरी मी ती आईला वाचून दाखवली. ती भाजी निवडत म्हणाली, “त्यांना मिळाले असते तर चार दिवसांत कलालीत, दारूच्या दुकानात, गेले असते.” आणि थोड्या वेळाने, “झांकी मात्र छान करायचे हं.”

मराठीच्या तासाला हल्ली किती मुलं बसतात ते मला विचारायचं धाडस होत नाही. जी असतील त्यांच्या निबंधाच्या वह्या तपासायला शनिवारी यायची माझी तयारी आहे. मुख्याध्यापकांनी होकार कळवावा. पेन्सिली मी आणीन.