आमची वाटचाल : इस्रायलच्या दिमोना गावातली बालवाडी

2012 च्या सप्टेंबरात खासगी बालवाड्यांवर काय वेळ आली, ते या धंद्यातल्यांना सांगायला नको. तिसऱ्या वर्षापासून मोफत शिक्षणाचा कायदा 1984 पासून कागदावर पडून होता. 2011 च्या उन्हाळ्यात तेल अवीवला रॉथशील्ड रस्त्यावर महागाईविरुद्ध लोकांनी तंबू ठोकले आणि पुढच्याच शालेय वर्षात सरकारने तो लागू केला. आईबापांचं भलं झालं, मान्य. पण आमची तीन-चार वर्षांची पोरं त्या एका सुट्टीत सरकारी गानमध्ये, म्हणजे बालवाडीत गेली. दूधवाल्याची उधारी थकली. त्यात पलीकडच्या गल्लीत एका साखळीवाल्यांनी कॅमेऱ्यांचं चकचकीत केंद्र उघडलं आणि आमच्या उरल्यासुरल्या पालकांना फोन केले : 'तिथे मुलं नुसती भांडी बडवतात.' ते बोलणं मला अजून लागतं.

भांडी बडवतातच! अंगणात खरे टोप आहेत, कढया, टायर, फळ्या, गाडीचं स्टिअरिंग, जुना टेलिफोन. स्दे एलियाहू किबुत्झच्या (सामुदायिक वसाहतीच्या) बालशिक्षिका मालका हास यांनी भंगाराच्या अंगणाची ही रीत रुजवली. खरा टोप जड असतो. तो दोघांनी धरावा लागतो, आणि धरायचा तर एकमेकांशी बोलावं लागतं. प्लास्टिकच्या चुलीवर हे होत नाही.

त्या वर्षी एका घराने आमची साथ सोडली नाही. आमच्यातलंच, अलिबागकडचं बेने इस्राएल म्हणजे मराठी ज्यू कुटुंब, वडील बस चालवायचे. मोफत जागा मिळत असूनही मुलीला आमच्याकडेच ठेवलं. म्हणाले, "बाई, शुक्रवारी पोर स्वतः वळलेला खल्ला घेऊन येते. आमचा शब्बाथ तिथून सुरू होतो." खल्ला म्हणजे शब्बाथचा, शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचा, वेणीचा पाव. फी त्यांनी कधी थकवली नाही.

शुक्रवारचं पीठ मुलंच मोजतात. मळलेलं पीठ काचेच्या बरणीत घालून बाहेरून चिकटपट्टी लावायची. तासाभराने पीठ पट्टीच्या किती वर गेलं ते बघायचं. तीन पेडांची वेणी घालता घालता बोटं तयार होतात, पेन्सिल मग आपोआप धरता येते. हनुका या आठ रात्रींच्या दिव्यांच्या सणाला शमाश (बाकीच्या पेटवायची जादा मेणबत्ती) धरून पहिल्या रात्री दोन मेणबत्त्या, आठव्या रात्री नऊ. सगळ्या मिळून 44. डबी मुलांच्या हातात द्यायची, आज किती काढायच्या ते त्यांनीच ठरवायचं. नवीन गान काढणाऱ्यांना माझं सांगणं आहे, सणाच्या आदल्या दिवशी रंगवायला छापील कागद वाटू नका.

माझी पहिली भागीदार मोरोक्कोची. पेसाहचा सण संपला की मिमुना या मोरोक्कन सणाची मुफलेता, म्हणजे पातळ पोळी, तिची; तू-बिश्वात या झाडांच्या सणाला पोहे-खोबऱ्याचा मलिदा माझा. खोबरं खवायला विळी मी मुलांच्या हातात देत नाही, पण पोहे भिजवून निथळणं, वेलदोडे सोलणं, खजूर फोडणं त्यांचंच. दोन्ही घरच्या आज्या येऊन बसायच्या.

पुढे तीन वर्षांखालची मुलं घेतली, मोठ्यांसाठी त्सहारोन, म्हणजे शाळेनंतरचं दुपारचं पाळणाघर, काढलं आणि उधारी फिटली. साखळीचं केंद्र गेलं, आम्ही आहोत. आणि हो, दिमोनाच्या थंडीत पीठ लवकर फुगत नाही. जानेवारीत पाणी कोमट घ्या, बरणी खिडकीपासून लांब ठेवा आणि मळायला शाळा उघडल्या उघडल्याच बसा, नाहीतर खल्ला तयार व्हायच्या आधी मुलांच्या आया दारात येतात.