बोंबलाचा चुलतभाऊ

परवा नाशिकला बुधवारच्या बाजारात गेले होते, दुपारी दोनचं ऊन, घाटावरचे दगड तापलेले, मेथी न् लसूण घेऊन सरळ घरी यायचं होतं, पण गाडगे महाराज पुलाच्या अंगाला सुकी मासळी घेऊन बसलेल्या मावशींसमोरून जाताना तो वास आला आणि मी थेट लिस्बनला पोचले. बाकीच्यांना बोंबलाच्या वासाने माहेर आठवतं, मला आधी पोर्तुगाल आठवलं, आता याला काय करायचं.

गेल्या वर्षी आम्ही दोघं तिकडे गेलो होतो. नवरा मालवणचा. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण बर्फात झोपून कसारा घाट चढून आलेल्या पापलेटला तो अजून पापलेट म्हणत नाही, प्रवासी म्हणतो. सासूबाईंचं तर पहिल्या दिवसापासून ठरलेलं, "घाटावरच्यांका माशातला काय कळता!" त्यामुळे लिस्बनला दुपारी माशांच्या हॉटेलात शिरल्यावर हा पठ्ठ्या खुर्चीत बसलाच नाही, आधी बर्फावर मांडलेल्या माशांपाशी गेला, डोळे बघितले, खुणा करून वेटरला कल्ले उघडायला लावले, आणि शेवटी दोरादा नावाचा एक मासा भाजायला सांगून विजयी मुद्रेने परत आला. मी तोवर मेन्यूत बाकाल्याव शोधून ठेवलं होतं.

"म्हणजे काय?"

"खारवून सुकवलेला कॉड."

"सुकं? इथे येऊन सुकं?"

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण माझा नाइलाज होता, कारण सकाळीच आम्ही रुआ दो आर्सेनाल नावाच्या रस्त्यावरून चालत आलो होतो. तिथे जुनी दुकानं आहेत, आत चिरून सपाट केलेले सुके कॉड फळ्यांसारखे एकावर एक रचलेले, आणि दारातच तो वास. अगदी आपलाच नाही, पण भाऊबंदकीतला. आणि गंमत म्हणजे हा मासा पोर्तुगालच्या समुद्रात मिळतच नाही. अख्खा अटलांटिक दाराशी, सार्डिन आहेत, सगळं आहे, तरी यांची जहाजं शेकडो वर्षं कॉडसाठी पार न्यूफाउंडलंडपर्यंत जायची, आता बराचसा नॉर्वे-आइसलँडहून येतो. ख्रिसमसच्या आदल्या रात्री ताटात तोच, आणि लाडाने त्याला म्हणतात काय, तर विश्वासू मित्र! समुद्रकाठच्या माणसांना सुक्याची लाज वाटत नाही हे ऐकून मला जो काही आनंद झाला तो मी नवऱ्याला दोनदा बोलून दाखवला.

कारण आमच्या घरी सुकं म्हणजे चोरीचा मामला. जुन्या नाशकात वाड्यात भाड्याने राहायचो, मालक कडक शाकाहारी. बोंबील पत्र्याच्या डब्यात, डबा पिशवीत, पिशवी गव्हाच्या कोठीमागे. मालकीणबाई एकादशीला पंचवटीत कीर्तनाला गेल्या की आईचा बेत सुरू व्हायचा, म्हणजे पाप दुप्पट. आधी धुपाटण्यात ऊद, सगळी खोली धुरकट झाली की मग कात्रीने बोंबलाची डोकी-शेपट्या कापायच्या, तुकडे लोखंडी तव्यावर टाकायचे, ते तडतडून वाकडे व्हायला लागले की पाट्यावर लसूण न् लाल मिरचीबरोबर रगडायचे. भाऊ पुठ्ठ्याने वारा घालायचा, मी जिन्यात पहारा. गरम बाजरीची भाकरी, वर ती चटणी, आणि न बोलता भराभर जेवण. मालकीणबाईंना कळत नसेल का? इतका ऊद तर देवळात पण जळत नाही. कधी काही बोलल्या नाहीत हे खरं. पण माझं कायमचं नुकसान झालं ते झालंच, अजूनही कुठे ऊदाचा वास आला की माझ्या तोंडाला पाणी सुटतं. आरती चालू असते आणि मी आवंढे गिळत असते.

असो. तर लिस्बनमध्ये ताट आलं. बाकाल्याव आ ब्राश. माशाचे धागे, शेवेसारखे बारीक कापून तळलेले बटाटे (त्याला तेही बटाटाच म्हणतात, शब्द त्यांचाच की), कांदा, अंडं, वर काळे ऑलिव्ह. दिसायला भुर्जी, चवीला चांगलं, मऊ, सभ्य. फारच सभ्य. नवऱ्याने एक घास खाऊन "बरा हा" म्हटलं, मालवणी माणसाकडून सुक्याला एवढंच मिळतं. बिलात पाव, लोणी न् ऑलिव्हचे पैसे वेगळे लागले, आम्हाला वाटलेलं आपल्या कांदा-लिंबासारखं टेबलावर आपसूक येतं ते फुकटच असतं, नको असेल तर परत पाठवायचं असतं हे नंतर कळलं.

संध्याकाळी आईला फोन केला. म्हटलं, हा मासा एक-दोन दिवस पाणी बदलत भिजवतात. ती म्हणाली, "भिजवायचाच तर सुकवला कशाला?" मी मिठाचं सांगायला गेले तर म्हणे, बोंबलाला कुठे मीठ लागतं, ऊन पुरतं की. यावर मला काही सुचलं नाही, आणि तिचं बरोबरच आहे, वसई-अर्नाळ्याकडे जबड्यात जबडा अडकवून बांबूवर टाकतात तेव्हा मीठ लावत नाहीतच.

तर परवा मावशींकडून पाव किलो बोंबील घेतले. घरी आले, तवा ठेवला. फ्लॅट आमचा स्वतःचा आहे, हप्तेसुद्धा संपले, समोरच्या घरात रविवारी मटण शिजतं, विचारणारं कोणी नाही. तरी खिडक्या लावून घेतल्या आणि आधी ऊद घातला.