पायथॉन ३.१२ : ‘नदी’ पास, ‘घर’ नापास!

लिप्यंतराच्या लायब्ररीचं सी एक्स्टेन्शन (सी भाषेत लिहिलेला भाग) अखेर पायथॉन ३.१२वर धावलं. मागच्या नोंदीतली ३.१२साठीच्या किरकोळ बदलांची यादी संपली: डिस्टयुटिल्सच्या जागी सेटअपटूल्स, इम्पच्या जागी इम्पोर्टलिब, असर्टईक्वल्समधला शेवटचा एस काढला. नव्या व्हेन्वमध्ये (प्रकल्पाच्या स्वतंत्र पायथॉन वातावरणात) सेटअपटूल्स आपोआप येत नाही, तेव्हा पायप्रोजेक्ट फाइलीत बिल्ड-सिस्टिमखाली ते मागून घ्या.

घोडं अडलं ते देवनागरीचं रोमन करणाऱ्या फंक्शनपाशी. पेप ६२३ या पायथॉन-बदलाच्या प्रस्तावानुसार ३.१२मधून पाययुनिकोड_फ्रॉमयुनिकोड गेलं, म्हणून तिथे पाययुनिकोड_न्यू घातलं. कंपाइल व्यवस्थित. टेस्टमध्ये मात्र ‘नदी’ पास, ‘घर’ नापास, ‘पञ्च’ही नापास! प्रिंट केलं तर अक्षरं बरोबर, लांबी बरोबर; पण == म्हणतं फॉल्स, आणि डिक्शनरीत असलेली की सापडत नाही.

दोष मॅक्सकॅरचा, म्हणजे पाययुनिकोड_न्यूला सांगायच्या सर्वांत मोठ्या कोडपॉइंटचा (युनिकोडमधल्या अक्षर-क्रमांकाचा). ३.३पासून स्ट्रिंगमधल्या सर्वांत मोठ्या कोडपॉइंटवरून दर अक्षराला १, २ की ४ बाइट हे ठरतं. आपण मॅक्सकॅर इनपुटवरून घेतला, म्हणजे देवनागरीचा. त्यामुळे रोमन निकालही कायम २ बाइटी. ‘नदी’च्या रोमन रूपातल्या रेघवाल्या दीर्घ ईचा क्रमांक २९९, म्हणजे २५५च्या पुढे, तिथे २ बाइट योग्यच. रोमनमध्ये ‘घर’ निव्वळ आस्की (साधी इंग्रजी अक्षरं), आणि ‘पञ्च’मधला लाटेची खूण असलेला एन २४१वर; दोन्ही १ बाइटी हवेत. तुलनेत पायथॉन आधी रुंदी बघतो आणि ती जुळली नाही तर अक्षरांकडे वळतही नाही. हॅशही (डिक्शनरीत की शोधायचा आकडा) कच्च्या बाइटांवरूनच निघतो. जुनं फंक्शन रुंदी स्वतः मोजायचं, म्हणून इतकी वर्षं हे झाकून राहिलं. सी एक्स्टेन्शन असलेल्या प्रत्येकाने डीबग बिल्ड (आतल्या तपासण्या, म्हणजे असर्ट, चालू असलेला पायथॉन) ठेवायलाच हवा: तिथे अशी स्ट्रिंग दुसरीला जोडली की असर्ट लगेच फुटतो.

उपाय: निकाल यूसीएस४ बफरमध्ये (दर अक्षराला ४ बाइटांच्या तात्पुरत्या जागेत) लिहायचा आणि पाययुनिकोड_फ्रॉमकाइंडअँडडेटाला द्यायचा. रुंदी ते स्वतः आवळतं. तिन्ही शब्द पास!

पण थांबा, हे फंक्शन लिमिटेड एपीआयमध्ये (पायथॉनच्या अनेक आवृत्त्यांत तसाच चालणाऱ्या फंक्शनांच्या मर्यादित संचात) नाही. इनपुट पाययुनिकोड_अ‍ॅजयूसीएस४कॉपीने घेतलं आणि निकाल थेट यूटीएफ-८ लिहून पाययुनिकोड_फ्रॉमस्ट्रिंगअँडसाइझला दिला, तर दोन्ही त्यात बसतात. मग दर आवृत्तीचं वेगळं व्हील (तयार पॅकेज) नको. प्लॅटफॉर्ममागे एकच एबीआय३ व्हील. हेच करू या, तोवर रिलीज थांबवलेलं बरं.

यूटीएफ-८ निकालाचा बफर इनपुटच्या कोडपॉइंटसंख्येच्या ५ पट बाइटांचा पुरेल. सर्वांत जागा खाणारा ‘ठ’: खाली टिंब असलेल्या टीला ३ बाइट, शिवाय एच आणि ए यांना एकेक. इमोजी तसाच पुढे गेला तरी ४च. कॉपी केलेलं इनपुट पायमेम_फ्रीने सोडायचं, नाहीतर दर कॉलला गळती. आणि टेस्टमध्ये ‘घर’, ‘पञ्च’, ‘नदी’ यांच्या जोडीला इमोजीवालं एक वाक्य कायमचं.